अकराव्या मजल्यावरची पातळ भिंत

२३ फेब्रुवारी

मिसॉन म्हणते, मनात साठवू नकोस, थोडं थोडं लिहीत जा. धाकटी बहीण असून मला शिकवते. पण रोज तिला फोनवर किती सांगणार, म्हणून ही वही काढली.

आज वर्षाचं जांग, आमचा सोयाबीनचा खारट रस, घातलं. हिवाळाभर टांगून वाळवलेल्या सोयाबीनच्या विटा धुऊन मिठाच्या पाण्यात सोडल्या. सासूबाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या आणि मी पाणी ढवळत होते. पाण्यात अंडं टाकून बघायचं असतं. ते तरंगलं आणि नाण्याएवढा भाग वर दिसला की मीठ जमलं. माझं अंडं तळाशी गेलं.

"तुझ्यासारखंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "खाली जाऊन बसतंय. घाल अजून मीठ."

या वयातही त्यांचं सगळं लक्ष रांजणांवर. गॅलरीच्या एका टोकाला, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून, सगळे ओळीने उभे आहेत. त्यातला अगदी मागचा, काळा, जुना रांजण त्यांच्या सासूकडून आलेला, आणि तिच्याकडे तिच्या सासूकडून. दरवर्षी नव्यातलं थोडं जांग त्यात ओतायचं, म्हणजे जुनं कधी संपत नाही. रस डांबरासारखा काळा आणि दाट झालाय. त्या रोज तो रांजण पुसतात. ग्युसिक म्हणायचा, "आईला मुलगे दोन, मी आणि हा रांजण. त्यात रांजण थोरला."

ग्युसिकला जाऊन एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील.

दुपारी मिसॉनचा फोन आला. देजॉन शहरातलं तिचं तयार भाज्या-कालवणांचं दुकान चांगलं चाललंय, हात कमी पडतात. "ताई, मूलबाळ नाही, नवरा राहिला नाही. त्या घरात तू नक्की कोणाची कोण म्हणून बसली आहेस?" मी म्हटलं, एप्रिलचं श्राद्ध होऊ दे. मग येते. सासूबाईंना कसं सांगायचं, ते मात्र कळत नाही. अजून एक शब्द बोलले नाही.

४ मार्च

शेजारचे प्यो साहेब आले होते. शेजारचे म्हणजे भिंतीला भिंत लागून, पण त्यांचा जिना वेगळा, लिफ्ट वेगळी. आमच्याकडे यायचं तर खाली उतरून, इमारतीला वळसा घालून पुन्हा अकराव्या मजल्यावर चढायचं. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मी काम करते त्या कपडे उसवून-शिवून देण्याच्या दुकानात ते अधूनमधून पॅन्ट घेऊन येतात, म्हणून ओळख. पन्नाशीचे, एकटे. बायको फार वर्षांपूर्वी सोडून गेली असं ऐकलंय.

संत्र्यांची पिशवी पुढे ठेवून त्यांनी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

"मावशी, तुमचे रांजण आहेत ना, ती भिंत खरी भिंत नाही."

"मग काय, पडदा आहे?"

"जवळजवळ तसंच. नुसती पातळ फळी आहे. आग लागली आणि जिन्याने उतरता आलं नाही, तर फोडून शेजारच्या घरात जाता यावं म्हणून बांधतानाच तशी ठेवली आहे. मलाही माहीत नव्हतं. लिफ्टमध्ये सूचना लावलीय. माझ्या बाजूला धुण्याचं मशीन होतं, ते मी काढलं. तुम्ही रांजण जरा सरकवलेत तर..."

त्यांनी बोटाने भिंत वाजवून दाखवली. खरंच पोकळ आवाज आला.

"वीस वर्षं मी हिला भिंत समजून टेकतेय," सासूबाई म्हणाल्या, "आणि आज हिचं दार झालं?"

"दार नाही, मावशी. वेळ आली तर."

"कुणाची वेळ? तुझी का माझी?"

बिचाऱ्यांचे कान लाल झाले. ते गेल्यावर मी म्हटलं, सरकवूया का. सासूबाई म्हणाल्या, ऊन फक्त तिथेच येतं. विषय संपला.

मग संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, "हा तुझ्या दुकानात कशाला येतो?"

"पॅन्ट कमरेत कमी करून घ्यायला."

"किती वेळा?"

"महिन्यातून एकदा तरी."

"मग एव्हाना त्याला कंबर उरायला नको होती."

मी म्हटलं, एकटी माणसं धड जेवत नाहीत, वाळत जातात. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझं अंडं पुन्हा बुडालं होतं.

१६ मार्च

आज सासूबाई फार लागेल असं बोलल्या. रविवार, म्हणून मी घरीच होते. ग्युसिकचे शर्ट काढून पुन्हा इस्त्री करत होते.

"मेलेल्याचे शर्ट किती वेळा इस्त्री करशील? चुरगळतात का ते?"

मी पुढचा शर्ट घेतला.

"आमच्या गावात विधवा झालेली गायसुद्धा चरायला बाहेर जायची. तू आपली सुट्टीच्या दिवशीही माझ्या तोंडासमोर. माझं तोंड बघून तुला कंटाळा नाही येत? मला तुझं बघून येतो."

मी इस्त्री बंद करून नदीकाठी जाऊन बसले. ओहोटी होती, नुसता चिखल आणि बगळे. वीस वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्यांना माझं तोंड नको झालंय. एका अर्थी बरंच झालं, जाताना जड जाणार नाही. तरी रडू आलं.

परत आले तर जेवण तयार होतं. माझ्या आवडीचा मासा. काटे काढलेला तुकडा त्यांनी माझ्या भातावर ठेवला. माणसाच्या मनात काय असतं कोण जाणे.

२२ मार्च

हल्ली मला जबरदस्तीने जांग शिकवतात. विटेवर बुरशी कुठल्या रंगाची चांगली, कुठल्या रंगाची वाईट, झाकण कुठल्या वाऱ्यात उघडायचं. आज मधेच म्हणाल्या, "देजॉनकडचं पाणी जड असतं. तिथे मीठ थोडं हात राखून घालावं लागेल."

मी दचकले. मग वाटलं, म्हातारपणी मन कुठेही भटकतं. त्यांची कुणी मावशी होती तिकडे.

त्यांनी माझा थंडीचा कोटही काढून त्याचं अस्तर बदललं. मार्च संपत आला आणि आता अस्तर! मीच शिवणकाम करते, पण मला हात लावू दिला नाही.

३० मार्च

इमारतीच्या आवारात आगीच्या वेळी काय करायचं याची तालीम झाली. एवढ्या मोठ्या इमारतीतून मूठभर माणसं आली. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. अग्निशमन दलाची एक तरुण बाई सांगत होती. माणसं ज्वाळांनी कमी मरतात, धुराने जास्त. ओला कपडा नाकातोंडावर धरा, वाकून चाला, लिफ्टमध्ये शिरू नका, दार मागे लावून घ्या. जिन्यात धूर असेल तर घुसू नका, परत फिरा, दाराच्या फटी बंद करा.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.

"वाकून चाला म्हणे," त्या म्हणाल्या. "माझी कंबर पंधरा वर्षं वाकलेली आहे. मी तालीम रोजच करते."

खूप दिवसांनी दोघी हसलो.

प्यो साहेब तिथे पहिल्या ओळीत होते. नंतर मला म्हणाले, "फळीच्या माझ्या बाजूला मी काही ठेवलेलं नाही. कुंडीसुद्धा नाही." मी म्हटलं, तुमच्या जागेचं उगाच नुकसान. ते म्हणाले, नुकसान कसलं. आणि खिशातून काहीतरी काढता काढता थांबले. बहुधा रुमाल असेल.

२० एप्रिल

काल संध्याकाळी ग्युसिकचं श्राद्ध झालं. भात, सूप, मासा, नासपती, सगळं मांडलं. मी फोटोसमोर दारूचा पेला भरला. नमस्कार करून उठले, तर सासूबाई फोटोशी बोलत होत्या.

"ग्युसिक, आता पुरे झालं. पुढच्या वर्षीपासून तू मला एकटीलाच भेटायला येत जा."

माझाही तो नवरा होता. मुलाच्या श्राद्धालासुद्धा त्यांना मी नकोशी झालेय. भांडी घासताना ठरवलं, आता उगाच दिवस ढकलायचे नाहीत. येत्या शुक्रवारी मला सुट्टी आहे. जेवताना स्पष्ट सांगून टाकायचं. मिसॉनला कळवलं.

२७ एप्रिल, हॉस्पिटल

दोन दिवस लिहिता आलं नाही. उजव्या तळहाताला पट्टी आहे, अक्षर वाकडं येतंय. सासूबाई समोरच्या खाटेवर झोपल्या आहेत, नाकावर प्राणवायूची नळी. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. हे आधी लिहिते म्हणजे माझाच जीव शांत होईल.

शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो. पालेभाजीचं सूप होतं. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "आई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तेवढ्यात इमारतीतली आगीची घंटा वाजायला लागली. ती अधूनमधून उगाचच वाजते. सासूबाई म्हणाल्या, "वाजू दे. तू बोल, सूप गार होतंय."

पण मला वास आला. जळलेल्या प्लास्टिकचा, घशाला टोचणारा. दाराला उलटा हात लावून बघितला, तापलेलं नव्हतं. फट उघडली. बाहेर जिन्यापुढच्या जागेत करडा धूर तरंगत होता, समोरच्या घराचं दार अंधुक दिसत होतं. दोन टॉवेल ओले केले, एक त्यांच्या तोंडाला बांधला. त्यांना बूट चढवले.

"मी नाही उतरू शकणार एवढे जिने," त्या म्हणाल्या. "तू जा."

"मी पाठीवर घेते."

"मला घेऊन पडशील. दोघी मरू. तू जा म्हणते ना."

मी म्हटलं, "आधी खाली वाट आहे का बघून येते. तुम्ही दाराच्या आत बसा, दार लोटून घ्या."

तालमीत सांगितलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. जिन्यात धूर असेल तर घुसू नका. तरी घुसले. वाटलं, करडा आहे, विरळ आहे, दोन मजले खाली नसेलच. पण जिना म्हणजे धुराडंच असतं. एक वळण उतरले आणि करडं होतं ते काळं झालं. आपला हातसुद्धा दिसेना. दिवा होता का गेला होता, कळलं नाही. ओल्या टॉवेलमधून एक श्वास आत गेला आणि छातीत कोणी मूठ घातल्यासारखं झालं. मी पायरीवर बसले. उठायला गेले, तर वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. कठडा सापडेना. इतकं शांत वाटायला लागलं की आता त्याचीच भीती वाटते. मला वाटत होतं, जरा टेकावं.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

"मिओक! ए गधडे! कुठे उलथलीस?"

मी काही बोलू शकले नाही.

"मिओक! आळशी कुठली! एक काम सांगितलं की तिथेच बसते! सूप कोण गरम करणार? ये इकडे! इकडे म्हणते!"

त्या थांबतच नव्हत्या. लग्न होऊन आले त्या दिवसापासूनचे माझे सगळे अपराध काढले. पहिल्या वर्षी भात करपवला तो, ग्युसिकचा लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुतला तो, चुलत नणंदेच्या लग्नात चुकीच्या माणसाला आधी वाकून नमस्कार केला तो. मधे खोकायच्या, की पुन्हा सुरू. मला एवढंच कळलं की आवाज एका बाजूने येतोय. त्या बाजूला मी हातापायांवर सरपटत गेले. पायरी, पायरी, मग सपाट फरशी, मग त्यांचा हात. त्यांनी माझी कॉलर पकडली आणि आत ओढली. एवढी ताकद कुठून आली, देव जाणे. दार लावलं.

त्या दार उघडं टाकून उंबऱ्यात बसून ओरडत होत्या. आतली हवा चांगली होती, ती सोडून. मी म्हटलं होतं, दार लोटून घ्या. त्यांनी आयुष्यात माझं कधी ऐकलं असेल तर!

मग डोकं पुन्हा चालायला लागलं. दाराच्या फटीत ओल्या चादरी कोंबल्या. अग्निशमनला फोन केला. तिकडून सांगितलं, खिडकीशी थांबा, गाड्या आल्यात. पण गॅलरीच्या काचेबाहेर खालून काळा धूर भिंतीला घासत वर येत होता, खिडकी उघडायची सोय नव्हती. न्हाणीघरातल्या जाळीतून धूर आत गळायला लागला होता. दोघी गॅलरीत गेलो, मधलं सरकतं दार ओढून घेतलं. खोलीतलं जेवणाचं टेबल आमच्या डोळ्यांदेखत धुरात बुडालं.

राहिली ती भिंत. आणि तिच्यापुढे रांजण.

पुढचे दोन छोटे मी ढकलले. तिसऱ्यात नवं जांग होतं, काठोकाठ, तो सरकला पण जेमतेम. जुना रांजण हलेचना. मी खांदा लावला, बोटं घातली, हात तिथेच फाटला. त्यात किती वर्षांचं वजन होतं कोण जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराचं का कशाचं ते माहीत नाही.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

सोयाबीन कुटायचं लाकडी मुसळ कोपऱ्यात असतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

"आई, नको. मी अजून एकदा ढकलते."

"सरक म्हणते ना."

पहिल्या घावाला नुसता ठण्ण आवाज झाला. दुसऱ्याला चीर गेली. तिसऱ्याला रांजण पोटातून फुटला आणि सगळं काळं जांग आमच्या बुटांवरून, गॅलरीभर, वाहत गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. त्यांनी मुसळ माझ्या हातात दिलं. "मार आता."

भिंत खरोखरच फळी होती. मुसळ आत गेलं, पांढरी भुकटी उडाली. लाथा मारल्या, हाताने तुकडे ओढले. पलीकडे उजेड होता. स्वच्छ, मोकळी फरशी, काही म्हणजे काही ठेवलेलं नाही, कुंडीसुद्धा नाही. सासूबाईंना आधी सरकवलं, मग मी.

प्यो साहेबांच्या घरात हवा इतकी चांगली होती की मी काही वेळ नुसता श्वास घेतला. दिवसाउजेडी कुलूपबंद, गप्प घर. कपाट उघडं होतं. आत ओळीने पॅन्ट्स टांगलेल्या, मी कमी करून दिलेल्या, सगळ्या. आमच्या दुकानाचे कागदी बिल्लेसुद्धा तसेच, एकदाही न घातलेल्या. मला इतकं वाईट वाटलं. बिचाऱ्यांना कपडे घालायलाही सवड मिळत नसणार. सासूबाईंनीही बघितलं. खोकत खोकत त्या हसायला लागल्या, इतक्या की भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, धूर डोक्यात गेला.

त्यांच्या जिन्यात धुराचा मागमूस नव्हता. दार लावून घेतलं आणि सासूबाईंना पाठीवर घेतलं. अंगात किती कमी राहिलंय त्यांच्या. काही मजले उतरल्यावर कानाशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "जेवताना काय सांगत होतीस?"

"काही नाही."

"खोटारडी."

त्यानंतर आवाजच निघाला नाही. अर्ध्यावर अग्निशमनची माणसं भेटली, त्यांनी त्यांना माझ्याकडून घेतलं.

खाली प्यो साहेब उभे होते. दुकानातून तसेच धावत आले होते, हातात कुणाचा तरी चष्मा, एक काडी निखळलेली. सगळे लोक वर आमच्या धुराकडे बघत होते आणि ते एकटे आपल्या जिन्याच्या दाराकडे बघत होते. आम्ही बाहेर आलो तसे ते तिथेच जमिनीवर बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि हात जोडले. मला कळलं. मी म्हटलं, "आम्ही बूट न काढता तुमच्या घरातून आलो, माफ करा." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

२९ एप्रिल

आग आठव्या मजल्यावर लागली होती, कुणाच्या तरी विजेच्या सायकलीची बॅटरी चार्ज होताना. त्या घरातल्या माणसाला भाजलंय, पण वाचला. बाकी सगळे सुखरूप.

सासूबाईंचा आवाज गेलाय. डॉक्टर म्हणतात, धुराने घसा आतून सोलवटलाय, महिने लागतील, पूर्वीसारखा होईल याचा भरवसा नाही. कारण मला माहीत आहे. डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही लिहिलं नाही.

खोली फार शांत वाटते. वीस वर्षं मी या शांततेची वाट बघितली होती.

प्यो साहेब रोज संध्याकाळी भातपेज आणतात. फुटलेल्या फळीबद्दल मी माफी मागितली, त्यांच्या गॅलरीत वाहत गेलेल्या जांगबद्दल मागितली. ते म्हणाले, वास अजून आहे, राहू दे.

३ मे

आज थोडा आवाज फुटला, फाटक्या कापडासारखा. मी रांजणाचा विषय काढला. म्हटलं, आई, माझ्यामुळे तुमचा तो रांजण गेला. चार पिढ्यांचं जांग.

त्यांनी हाताने जवळ बोलावलं. कान तोंडाशी न्यावा लागतो.

"माझी सासू फार दुष्ट होती."

मी त्यांची उशी सारखी केली.

"मला माहेरी पाठवलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही. मरताना तो रांजण दिला आणि म्हणाली, जप. जन्मभर मी त्या बाईचा रांजण पुसत बसले." खोकला आला. मग डोळे मिटून म्हणाल्या, "तिसरा घाव फार बरा वाटला."

मला हसू आलं. मग कळेना, हसावं की काय करावं.

९ मे

घरी आलो. भिंती धुऊन रंगवल्या, तरी कपाटात धुराचा वास आहे. फळीच्या जागी मोठं भगदाड. इमारतीची माणसं नवी फळी बसवायला आली, तर सासूबाईंनी खुणेने सांगितलं, नंतर या. दोनदा परत पाठवलं. वारा येतो म्हणे. प्यो साहेब आता वळसा घालून येत नाहीत, भगदाडातून वाकून येतात. येण्याआधी काठावर बोटाने वाजवतात. त्या दोघांचं काय जमलंय कळत नाही. मी दुकानातून येते तेव्हा दोघं टेबलाशी बसलेली असतात, त्या खुणा करतात आणि माझ्यासाठी हे त्याचं भाषांतर करतात.

संध्याकाळी मी सांगितलंच. "आई, मी देजॉनला जाणार होते. मिसॉनकडे. आता नाही जात. तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही."

वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी चमचा टेबलावर आपटला.

"तुझी बहीण फोनवर इतकी ओरडते, की फेब्रुवारीपासून अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जिन्यातून मी तुला हाक मारून आणली," त्या म्हणाल्या. एकेक शब्द खरवडून काढावा लागत होता. "ती माझ्या उशाशी बसवायला नाही."

आणि तोंड फिरवलं. पुढे कितीही विचारलं तरी बोलल्या नाहीत.

१२ मे

अजून बोलत नाहीत. माझी बॅग मात्र काढून पुसून दाराशी ठेवलीय. अस्तर बदललेला कोट सगळ्यात वर.

आता कुठे काही काही गोष्टी नव्याने आठवायला लागल्या आहेत. श्राद्धाचं बोलणं. काटे काढलेला मासा. वीस वर्षं एका घरात राहून मी त्यांचे नुसते शब्द ऐकत होते.

मिसॉनला म्हटलं, येते. पण दर दुसऱ्या रविवारी इकडे येईन, ही अट. ती म्हणाली, "ताई, ही अट कुणी घातली?" मी म्हटलं, मी.

सासूबाईंच्या जेवणाचं विचारलं, तर प्यो साहेब म्हणाले, मी आहे ना. शिवाय त्या रविवारी बसस्टँडवर घ्यायलाही येतील, म्हणे तिकडे त्यांचं तसंही काम असतं. रविवारी बसस्टँडवर चष्म्याचं काय काम असेल, विचारायचं राहिलं.

१८ मे, बसमध्ये

निघाले. सासूबाई खाली आल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणे. दारात वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, उशीर होतोय. एवढंच.

फाटकाशी पोचले आणि वर बघितलं. अकराव्या मजल्यावर आमच्या गॅलरीची काच उघडी होती. सासूबाई उभ्या होत्या, शेजारी प्यो साहेब. सासूबाई काहीतरी ओरडत होत्या. तोंड हलताना दिसत होतं, मान ताणलेली, पण आवाज पहिल्या मजल्यापर्यंतही येण्यासारखा नव्हता. त्यांनी प्यो साहेबांच्या बाहीला हिसका दिला. ते मान हलवून नको नको म्हणत होते. पुन्हा हिसका.

मग ते कठड्यावर ओणवे झाले. दुकानात येतात तेव्हा शिलाई मशीनच्या आवाजात यांचं बोलणं दोनदा विचारावं लागतं, असा हा माणूस. त्यांनी सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मिओक! ए गधडे! आई म्हणतात, मागे बघत चालू नकोस, तोंडावर पडशील!"

फाटकाजवळचा रखवालदार उभा राहिला. खालच्या एकदोन खिडक्या उघडल्या. स्वतः काय ओरडलो ते बहुधा त्यांना तेव्हा कळलं, कारण ते एकदम काचेमागे गेले. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. हाताने मला पुढे हाकलत होत्या, कोंबड्या हाकलतात तशा.

बस लागलेलीच होती. बसल्यावर थोड्या वेळाने लक्षात आलं, की मी एकटीच हसतेय, आणि शेजारची बाई माझ्यापुढे तिचा रुमाल धरून बसलीय.